उधारीच्या वहीतलं वय

प्रश्न असा आला आहे: "मी अंबाजोगाईचा. वडील 61 वर्षांचे, गावात किराणा दुकान आहे. मी एम.कॉम. करून पुण्यात एका कंपनीत आकडेवारीचं काम करतो. लोकसंख्येचं वय वाढत चाललं की धंद्यावर काय परिणाम होतो, या अभ्यासात करिअर होऊ शकतं का? आणि आपला देश तरुणांचा म्हणतात, तर मराठवाड्यात या अभ्यासाचा उपयोग काय?"

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो सुटला नाही तर पहिल्याला अर्थ उरत नाही.

2011 च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसं सुमारे 10.4 कोटी होती, म्हणजे शंभरात साडेआठच्या आसपास. केंद्र सरकारच्या तज्ज्ञ गटाने 2020 मध्ये जे अंदाज मांडले, त्यांप्रमाणे 2036 पर्यंत ती 22.7 कोटींच्या घरात जातील, शंभरात पंधरा. महाराष्ट्र देशाच्या थोडा पुढेच आहे. 2011 मध्येच आपल्याकडे हा आकडा शंभरात दहाला टेकला होता. जन्म कमी झाले, हे त्याचं मोठं कारण. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा प्रजनन दर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, 1.7 निघाला. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला तो साधारण 2.1 लागतो. 'तरुण देश' हे म्हणणं खोटं नाही, पण ते साऱ्या देशाच्या सरासरीचं झालं. दुकान चालतं ते एका गावात, एका गल्लीत.

तुमच्याच बीड जिल्ह्यातलं घ्या. दिवाळी झाली की धारूर, वडवणी, केज, शिरूर कासारकडच्या गावांतून ऊसतोडीच्या गाड्या भरून निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलशिवाय परत येत नाहीत. गावात मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं. जपानमध्ये आज पासष्टीच्या पुढचे शंभरात 29 आहेत आणि जग त्याला सगळ्यात म्हातारा देश म्हणतं. मी हंगामात ज्या तांड्यांवर घरोघर फिरले, तिथल्या मोठ्या माणसांत म्हाताऱ्यांचं प्रमाण याहून कितीतरी जास्त होतं. सहा महिने त्या गावचा किराणा, गिरणी, दवाखाना, मेडिकल, सगळं म्हाताऱ्या माणसांवर चालतं. देश तरुण असेलही, त्या दुकानदाराचं गिऱ्हाईक तरुण नाही.

मी या विषयाकडे वळले ती अशाच एका दुकानात. विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आठवडी बाजारांवर संशोधन करत होते. हातात छापील प्रश्नावली, त्यात एक रकाना 'ग्राहकाचे वय'. धारूरजवळच्या एका गावात दुकानाच्या ओट्यावर बसून येईल त्या गिऱ्हाइकाचं वय लिहीत होते. सत्तरीची एक आजी आली, चहापत्तीची पुडी, पारले आणि मिसरीचा डबा घेऊन गेली. मी रकान्यात 70 लिहिलं. दुकानदार बराच वेळ माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "बाई, तुम्ही आजीचं वय लिहायलाव, पण पैसे देणारं गिऱ्हाईक तिकडं कोल्हापुराकडं ऊस तोडायलंय. वहीत नाव त्याचंच हाय."

वहीत खरोखर मुलाचं नाव होतं. त्यानं जाताना मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून मागची उधारी फेडली होती आणि "आईला लागंल ते द्या" असं सांगून गेला होता. साखर किती, तेल कुठलं, हे मात्र सून ठरवून गेली होती. वापरणारी एक, ठरवणारी दुसरी, पैसे देणारा तिसरा, आणि तिघं दोन जिल्ह्यांत. माझ्या प्रश्नावलीत या तिघांसाठी मिळून एकच रकाना होता. ती प्रश्नावली मी बाजूला ठेवली आणि नवी केली. पुढच्या तीस वर्षांत जे काही शिकले, त्याचं मूळ त्या ओट्यावर आहे.

म्हातारी माणसं म्हणजे वेगळी बाजारपेठ, असं परदेशी पुस्तकांत मांडलेलं असतं. तिकडे ते बरंचसं खरंही आहे, कारण तिकडे म्हातारा माणूस स्वतःच्या पेन्शनवर स्वतःच्या घरात राहतो आणि स्वतः खरेदी करतो. जपानमध्ये ओजी होल्डिंग्ज या कागद कंपनीने 2024 मध्ये देशातल्या बाजारासाठी बाळांचे डायपर बनवणं थांबवायचं आणि मोठ्यांच्या डायपरवर लक्ष द्यायचं असं जाहीर केलं. आपल्याकडे त्या बातमीवरून धंदा काढायला निघालेले दोघं-तिघं माझ्याकडे येऊन गेले. त्यांना मी एवढंच विचारलं, की डायपर विकत घेणार कोण? परभणीतल्या अंथरुणाला खिळलेल्या आजोबांसाठी डायपर आणायचं की जुनी लुगडी फाडून वापरायची, हे घरातली सून ठरवते. पैसे पुण्या-मुंबईतला मुलगा देतो. आणि दुकानात ते नाव घेऊन मागायला संकोच वाटतो म्हणून निम्मी गिऱ्हाइकं दारातूनच परत जातात. या तिघांचा विचार न करता माल भरला तर तो पडून राहतो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. परभणीत एका चप्पल-बुटांच्या दुकानदाराला मी सल्ला दिला, की ज्येष्ठांसाठी वेगळा कप्पा करा, वर पाटी लावा. त्यानं माझ्या शब्दावर पैसे घातले. मऊ तळव्याच्या, न घसरणाऱ्या, रुंद पंजाच्या चपला मागवल्या आणि 'ज्येष्ठ नागरिकांसाठी' अशी छान पाटी लावली. चार महिने त्या कोपऱ्याकडे कुणी फिरकलं नाही. पासष्टीचे निवृत्त मास्तर त्या पाटीखाली जाऊन बसायला तयार नव्हते, आणि सोबत आलेला मुलगाही वडिलांना तिकडे नेत नव्हता. शेवटी पाटी काढली. त्याच चपला सगळ्या मालात मिसळून खालच्या फळीवर ठेवल्या, हाताच्या दोन लाकडी खुर्च्या आणल्या, आणि दारातल्या उंच पायरीला आधाराची एक छोटी पायरी बांधली. माल संपला. तेव्हापासून मी 'ज्येष्ठांसाठी' हा शब्द गिऱ्हाइकाच्या नजरेला पडू देत नाही.

याउलट उदगीरच्या एका मेडिकलवाल्याने मला न विचारता जे केलं, ते मी आजही शिकवते. मुलगा पुण्यातून डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो, फोनपेवरून पैसे भरतो. दुकानातला पोरगा गोळ्या आईच्या घरी नेऊन देतो. इथपर्यंत सगळेच करतात. हा पोरगा मागची पाकिटं बघतो. बीपीच्या गोळ्या शिल्लक दिसल्या तर दुकानातून मुलाला फोन जातो, की आईनं आठवडाभर गोळी घेतलेली नाही. मोबाईलवरून गोळ्या मागवल्या तर स्वस्त पडतात, हे त्या मुलाला चांगलं ठाऊक आहे. तरी तो हे दुकान सोडत नाही. ज्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, त्या घराला खबर हवी असते, आणि खबर देणारा दुकानदार दराच्या स्पर्धेत पडत नाही.

आता वयाच्या आकड्याबद्दल, कारण तुम्ही आकडेवारीतले आहात. मराठवाड्यात कागदावरच्या वयावर विसंबू नका. एका पिढीच्या कितीतरी माणसांची जन्मतारीख 1 जून दिसेल, ती गुरुजींनी शाळेत नाव घालताना लावलेली. आधारवर 1 जानेवारी दिसली तर सांगताना फक्त वर्ष सांगितलेलं असतं. तोंडी वय विचाराल तर 60, 65, 70 असे गोल आकडे येतात. आम्ही घटनांवरून मोजतो. पोलीस ॲक्शन झालं तेव्हा चालत होतात का? म्हणजे निजामाचं राज्य गेलं ते, 1948. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होतात का, लग्न झालं होतं का? किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, म्हणजे 1993 ला, थोरला मुलगा कितवीत होता? या तीन प्रश्नांनी वय दोन-तीन वर्षांच्या आत सापडतं.

हे केवळ संशोधकाचं कुतूहल नव्हे. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट होतंच, आणि मार्च 2023 पासून सगळ्या बायकांना अर्धं झालं. आधारवर वय कमी लागलेले कितीतरी बाबा खरे 77 वर्षांचे असून अजून अर्धं तिकीट काढतात. ज्यांना मोफत मिळालं त्यांनी घरची तालुक्याची कामं अंगावर घेतली: बँक, बियाणं, गोळ्या, चष्मा, लग्नाची पत्रिका देणं. पूर्वी त्यासाठी मुलाला मोटारसायकलवर पाठवत आणि तो येताना पेट्रोलबरोबर निम्मी खरेदी स्वतःच्या मनाने करून येई. आता बाबा सकाळच्या गाडीने येतात आणि दुपारच्या गाडीने जातात, मधले दोन-तीन तास त्यांच्याकडे असतात. बसस्टँडजवळ ज्यानं बाकडं टाकलं, पाण्याचा माठ ठेवला, पिशवी सांभाळायची सोय केली आणि दुपारी जेवायला शटर ओढलं नाही, त्याच्याकडे हे गिऱ्हाईक वळलं. गावातल्या छोट्या दुकानाचं मात्र तेवढं कमी झालं. एका सवलतीने खरेदी एका माणसाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेली आणि एका गावातून दुसऱ्या गावात गेली.

पैशाची बाजूही अशीच दोन टोकांची आहे. एका टोकाला श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे 1500 रुपये. त्याला आपल्याकडे म्हातारी माणसं 'पगार' म्हणतात, आणि पगार झाला की त्या दिवशी गावच्या दुकानात जुनं खातं मिटतं. दुसऱ्या टोकाला लातूर, नांदेड, परभणीतल्या शिक्षक कॉलन्या. 1980 ते 2000 दरम्यान नोकरीला लागलेले गुरुजी, तलाठी, ग्रामसेवक पेन्शनवर आले आणि त्यांच्या पैशावर फ्लॅट, दवाखाने, तीर्थयात्रांच्या बसगाड्या आणि सराफांची दुकानं उभी राहिली. पण राज्याच्या नोकरीत 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना सहसा ती जुनी पेन्शन नाही. त्याआधी लागलेले शेवटचे लोक साधारण 2038 ते 2041 च्या सुमारास निवृत्त होतील. त्यांच्यामागून येणाऱ्यांचं उत्पन्न वेगळ्या नियमांनी ठरेल. शिक्षक कॉलनीत वीस वर्षांचं कर्ज काढून काही उभारणाऱ्याला हे माहीत असलं पाहिजे, आणि बहुतेकांना ते नसतं.

या पेन्शनवरून एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. म्हाताऱ्या माणसांचा अभ्यास त्यांना लुबाडायलाही वापरता येतो. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांग लागते, त्या रांगेत जास्त व्याजाची पत्रकं वाटणारी माणसं मी पाहिलेली आहेत. निवृत्तीची रक्कम कधी हातात पडते, मुलं कुठे आहेत, एकटी विधवा बाई कोणाच्या शब्दावर सही करते, हे सगळं त्यांना माहीत होतं. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात पतसंस्था बुडाल्या, त्यांत आयुष्यभराच्या ठेवी गेल्या. एका संस्थेचा माणूस 'ठेवीदारांच्या वयाचा अभ्यास' करून द्या म्हणून माझ्याकडेही आला होता. त्याचे प्रश्न ऐकले आणि मी काम नाकारलं. या क्षेत्रात याल तेव्हा किमान हे सांगत चला: बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तीस लाखांपर्यंत ठेवता येतात आणि दर तिमाहीला व्याज मिळतं. मी प्रत्येक पाहणीच्या शेवटी, वही मिटल्यावर, ही दोन वाक्यं बोलते.

आतापर्यंत गिऱ्हाइकाचं बोलले. कामगारांचं थोडक्यात सांगते. जर्मनीत डिंगोल्फिंगच्या बीएमडब्ल्यू कारखान्यात 2007 मध्ये एक प्रयोग झाला. दहा वर्षांनी कामगारांचं सरासरी वय 47 होणार हे ओळखून त्यांनी एका लाइनवर मुद्दाम त्या सरासरीची माणसं घेतली आणि त्यांच्याच सूचनांवरून सत्तर लहान बदल केले: पायाखाली लाकडी फळ्या, बसून काम करायला खुर्च्या, बारीक भागांसाठी भिंग. उत्पादकता सात टक्क्यांनी वाढली. आपल्याकडे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत 1985 च्या आसपास आणि नंतर लागलेली पिढी निवृत्त झाली किंवा होत आली. तिथल्या लहान कारखान्यांत मी हेच सांगते, की चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं, तेव्हा माल नापास व्हायला लागला तर आधी कामगारांचे डोळे तपासा. आपल्या मोंढ्यातही, म्हणजे धान्याच्या बाजारातही, हाच प्रयोग वेगळ्या नावाने झालेला आहे. पूर्वी हमाल क्विंटलचं पोतं पाठीवर घेत. पोतं पन्नास किलोंवर आलं तेव्हा पंचावन्नचा हमालही कामावर टिकू शकला. आज तरुण पोरं हमालीला येत नाहीत, आणि अनेक आडतींचा माल या मोठ्या वयाच्या माणसांच्या पाठीवरच हलतो.

सगळ्यात मोठा परिणाम मात्र मालकाच्या वयाचा आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. जपान सरकारच्या उद्योग खात्याने अंदाज बांधला होता, की 2025 पर्यंत तिथल्या लहान-मध्यम उद्योगांचे सुमारे 24.5 लाख मालक सत्तरीपार जातील आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्या मागे धंदा चालवायला कोणी ठरलेलं नसेल. त्यांतले कितीतरी धंदे तोट्यात नव्हते. नफ्यातली दुकानं केवळ वारस नाही म्हणून बंद होऊ लागली. मग तिथे सरकारने अशी दुकानं दुसऱ्याकडे सोपवण्यासाठी मदत केंद्रं काढली.

लातूर आणि जालन्याच्या मोंढ्यात फिरताना मला हे आठवत राहतं. गादीवर बसलेले शेठ पासष्टीचे, मुनीम सत्तरीचे, मुलगा हिंजवडीत. आडतीचा खरा ऐवज कशात असतो? कोणत्या गावचा कोणता शेतकरी सोयाबीन कोरडं करून आणतो, कोणाला पेरणीआधी उचल दिली तर ती परत येते, कोणाच्या घरात यंदा लग्न आहे, हे सगळं शेठजींच्या आणि मुनिमांच्या डोक्यात असतं. कुठल्याच कागदावर ते नसतं. जालन्यात एका आडतीचे मालक अचानक गेले. मुलाने वर्षभर प्रयत्न केला. वही होती, नावं होती, आकडे होते, पण कोणाकडे कधी आणि कशा शब्दांत मागायचं हे त्याला माहीत नव्हतं. बरीच उधारी बुडाली. काही शेतकऱ्यांनी स्वतः होऊन आणून दिली, तेवढीच आली. तेव्हापासून साठी ओलांडलेल्या प्रत्येक दुकानदाराला मी सांगते, की रोज संध्याकाळी अर्धा तास कोणाला तरी शेजारी बसवा आणि वहीतल्या पाच खात्यांची गोष्ट सांगा. मुलगा नसेल तर मुलीला बसवा. उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवला, एका भांड्यांच्या दुकानात सुनेने असं दोन वर्षं ऐकलं आणि आज दुकान ती चालवते. मुलगा धंद्यात नाही म्हणून दुकान विकायचं ठरलं होतं.

आता तुमचा पहिला प्रश्न. 'वृद्धत्व आणि व्यवसाय तज्ज्ञ' अशी जागा कुठल्या जाहिरातीत सापडणार नाही. मी वीस वर्षं महाविद्यालयात शिकवून घर चालवलं आणि हा अभ्यास सुट्ट्यांत केला. मग औषधांचे वितरक, पतसंस्था, सहकारी बँका, वाळूजचे लघुउद्योजक अशी कामं येत गेली. आता निवृत्तीनंतर तेवढ्यावर भागतं. पगाराच्या जागा हव्यात तर विमा, बँका, औषध कंपन्या आणि आरोग्य सेवा यांच्याकडे बघा, तिथे हे काम वेगळ्या नावांनी होतं. रीतसर शिकायचं तर मुंबईत देवनारला 1956 पासून लोकसंख्या विज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिनेच 2017-18 मध्ये 45 वर्षांपुढच्या 72 हजारांहून अधिक लोकांची देशव्यापी पाहणी केली, आणि ती माहिती अभ्यासकांना मागितली की मिळते. तुमचा हात आकड्यांवर बसलेला असेल तर तिथून सुरुवात करा.

जिल्ह्याच्या पातळीला उतरायचं असेल तर जनगणनेचा सी-14 तक्ता बघा, त्यात पाच-पाच वर्षांचे वयोगट असतात. अडचण अशी, की तो गावापर्यंत उतरत नाही आणि 2011 चा आहे. पुढची जनगणना 2027 ची. मधल्या काळात आम्ही मतदार यादी वापरतो. ती बूथनिहाय असते आणि प्रत्येक नावापुढे वय असतं. एका संध्याकाळी बसून कुठल्याही गावातली साठीपुढची नावं मोजता येतात. मग त्या गावात ऊसतोडीच्या हंगामात जा आणि यादीतली किती तरुण नावं प्रत्यक्ष घरी आहेत ते मोजा. या दोन आकड्यांत जो फरक येईल, तो कुठल्याच सरकारी तक्त्यात तुम्हाला सापडणार नाही.

पण त्याच्याही आधी एक काम करा. पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा वडिलांची उधारीची वही मागून घ्या आणि त्यांच्या शेजारी बसा. प्रत्येक खात्यापुढे पेन्सिलीने चार गोष्टी लिहा: माल कोण वापरतं, काय घ्यायचं ते कोण ठरवतं, पैसे कोण देतं, आणि तो देणारा कुठे असतो. वय त्यांना विचारू नका, बहात्तरच्या दुष्काळाचं विचारा. वडिलांना बोलू द्या, मध्ये घाई करू नका, एका बैठकीत होणार नाही. शेवटच्या पानावर दुकानाचं स्वतःचं खातं मांडा: मालकाचं वय 61, आणि त्याच्यापुढे ही वही कोणाला वाचता येते त्याचं नाव. ती जागा आज रिकामी असेल तर रिकामीच राहू द्या. वही भरत आली की मला पाठवा, आपण ती सोबत वाचू.